वाचकांचे प्रश्न : करारावर सह्या झाल्या, पुढे काय?

लोकप्रशासन हा विषय मराठवाड्यातल्या तालुक्या-तालुक्याच्या महाविद्यालयांत शिकवला जातो. परदेशी विद्यापीठांशी होणारे करार, शिष्यवृत्त्या आणि बाहेरच्या पैशावर चालणारे प्रकल्प यांबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे लोकप्रशासनाचे एम.ए. आहे. परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार करावा, जमल्यास संयुक्त पदवी सुरू करावी, असे संस्थेचे मत आहे. सुरुवात कशी करावी?
— प्राध्यापक, परभणी जिल्हा

उत्तर : संयुक्त पदवीचा विषय आत्ता बाजूला ठेवा. संलग्न महाविद्यालय पदवी देत नाही, विद्यापीठ देते. त्यामुळे तो प्रस्ताव नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडूनच जायला हवा. परदेशी विद्यापीठांसोबतच्या अभ्यासक्रमांबद्दलचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) २०२२ चे नियम आधी वाचा. त्यांत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी आपलीच राहते आणि परदेशात जास्तीत जास्त ३० टक्के श्रेयांक (क्रेडिट) घेता येतात. संयुक्त पदवीत (दोघांची मिळून एकच पदवी) दोन्हीकडचे किमान ३० टक्के श्रेयांक लागतात. दुहेरी पदवीत (दोघांच्या वेगवेगळ्या पदव्या) भारतीय संस्थेचे किमान ३० टक्के. आपले एम.ए. ८८ श्रेयांकांचे आहे, म्हणजे ट्विनिंगची कमाल मर्यादा २६ आणि संयुक्त पदवीची किमान मर्यादा २७ पडते. यूजीसीची वेगळी परवानगी न घेता पुढे जायचे तर भारतीय संस्थेला नॅकचे (उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा तपासणारी संस्था) गुणांकन किमान ३.०१ हवे, किंवा ती एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या १०० मध्ये हवी, नाहीतर तिला उत्कृष्टता संस्थेचा दर्जा हवा. परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये असावे लागते. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत.

सामंजस्य कराराला मात्र एवढी तयारी लागत नाही. तो दोन पानांचा असतो आणि त्या दोन पानांत सहसा काहीच नसते. ‘शैक्षणिक देवाणघेवाण करण्यात येईल’ एवढ्या वाक्यावर सह्या होतात, फोटो निघतात आणि पाच वर्षांनी मुदत संपते. खरे काम जोडपत्रात होते. सहीच्या आधी त्यात पुढच्या गोष्टी लिहून घ्या : दोन्हीकडच्या समन्वयकांची नावे आणि ते बदलले तर पर्यायी व्यक्ती, कोणता पेपर, किती विद्यार्थी, कोणत्या तारखांना किती तासिका, गुण कोण देणार, कोणत्या भाषेत लिहिलेले चालणार. पर्यायी नावाचा रकाना विसरू नका. समन्वयकाची बदली झाली की पत्रव्यवहार थांबतो आणि करार तिथेच संपतो.

पहिल्या वर्षी एकच पेपर निवडा, त्यातला एकच घटक, सहा आठवडे, आठवड्याला एक सामाईक तासिका. वेळ ठरवताना घड्याळाकडे नीट पाहा. काठमांडू आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे आहे, तिथे अडचण नाही. लंडनची सकाळी ११ ची तासिका उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी ३.३० ला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि तीच तासिका आपल्याकडे ४.३० ला सरकते. गावाकडच्या मुलींची एसटी त्याच सुमारास सुटते. सत्र सुरू झाल्यावर हे लक्षात आले, की निम्मा वर्ग गळतो.

घटक कोणता घ्यावा? आमच्या मते लोकसेवा हक्क. नागरिकांची सनद ही कल्पना ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये जॉन मेजर यांच्या सरकारने आणली. भारतात १९९७ च्या मुख्यमंत्र्यांच्या परिषदेनंतर ती कार्यालयांच्या भिंतींवर आली. फलक लागले, पण उशीर झाला तर काय, हे त्यावर नव्हते. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ती उणीव भरली. ठरलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर तो), दोन अपिले, मग राज्य लोकसेवा हक्क आयोग, आणि पहिल्या चुकीला ५०० ते ५००० रुपये दंड. परदेशातून आलेली कल्पना इथल्या कायद्यात कशी बसली, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही. ब्रिटिश किंवा नेपाळी विद्यार्थ्याला यात शिकण्यासारखे आहे आणि आपल्या विद्यार्थ्याला ते तहसीलच्या दारात बघायला मिळते.

विद्यार्थ्यांनी करायचे काम असे. आपले सरकार सेवा केंद्रातून उत्पन्नाचा दाखला काढलेल्या ४० जणांची संमती घ्यावी. प्रत्येकाच्या पोचपावतीवरची तारीख आणि दाखल्यावरच्या डिजिटल स्वाक्षरीची तारीख एवढ्या दोनच गोष्टी टिपाव्यात. नाव, आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक काही लिहू नये. परदेशी भागीदाराकडे जाणाऱ्या तक्त्यात तर मुळीच नको. त्रुटी काढून परत आलेल्या अर्जांचा वेगळा रकाना ठेवा. अर्ज पुन्हा भरला की पोचपावती नवी मिळते आणि कागदावर काम वेळेत झालेले दिसते. हा रकाना नसला तर अभ्यासाचा निष्कर्ष चुकतो. मुलांनी टिपणे मराठीतच लिहावीत आणि इंग्रजी सारांश एका पानाचा करावा. इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसणारा विद्यार्थी तहसीलच्या बाकावर लोकांशी तासभर बोलतो. त्याचे ते कसब वाया घालवू नका.

अभ्यासक्रम जागतिक मापाने तपासायचा असेल तर २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा आर्थिक व सामाजिक विभाग आणि प्रशासन शिक्षणसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना आयसिया यांनी मिळून केलेले निकष पाहा. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेने मान्य केलेली प्रभावी शासनाची ११ तत्त्वेही वर्गात उपयोगी पडतात. परिणामकारकता, उत्तरदायित्व आणि समावेशकता असे त्यांचे तीन गट आहेत. ती पाठ करून घेऊ नका. वरचा ४० अर्जांचा तक्ता समोर ठेवून कोणते तत्त्व कुठे मोडले, एवढे विचारा.

प्रश्न : लोकप्रशासन घेऊन बी.ए. झाले आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, पण परदेशात याच विषयात शिकायची इच्छा आहे. घरची शेती तीन एकर. काय करता येईल?
— विद्यार्थिनी, हिंगोली

उत्तर : तीन एकरांवर कर्ज काढून जाऊ नका. पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, पण प्रत्येकीचा उंबरठा वेगळा आहे.

ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवीनंतर किमान २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. आठवड्याला ३५ तास धरले तर ८० आठवडे होतात. अर्धवेळ काम, इंटर्नशिप आणि स्वयंसेवी कामही धरले जाते, म्हणून बचत गट, ग्रामपंचायत किंवा एखाद्या संस्थेसोबत काम करत असाल तर आजपासून तासांची वही ठेवा आणि महिन्याच्या महिन्याला सही घ्या. दोन वर्षांनी एकदम प्रमाणपत्र मागितले तर कुणालाच नेमके आठवत नाही. अर्ज साधारण ऑगस्टमध्ये खुले होतात, तीन अभ्यासक्रम निवडता येतात, आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षे मायदेशी राहावे लागते. अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स शिष्यवृत्तीत लोकप्रशासन हा विषय आहे. तिला ५५ टक्के गुण आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि तीन वर्षांच्या बी.ए.वर अर्ज चालत नाही, सोबत एम.ए. हवे.

तुम्ही अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर किंवा पारंपरिक कारागीर या वर्गांत बसत असाल तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पाहा. एकूण १२५ जागा, वय ३५ च्या आत, ६० टक्के गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, विद्यापीठ क्यूएसच्या पहिल्या ५०० मध्ये. एक अट नीट वाचा. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळले आहेत. ‘महाराष्ट्रातील पंचायत राज’ असा विषय लिहून अर्ज केला तर तो इथेच अडकू शकतो. अभ्यासक्रमाचे नाव आणि आशय सार्वजनिक धोरण किंवा प्रशासनाचा असू द्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. तिच्या उत्पन्नाच्या आणि क्रमवारीच्या अटी बदललेल्या आहेत, म्हणून चालू वर्षाची जाहिरातच वाचा.

अर्ज बहुतेक वेळा गुणांवर नाही तर कागदांवर अडतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पासपोर्टवर वडिलांचे नाव कुठल्या रकान्यात गेले याचा पत्ता नाही. आधी पासपोर्ट काढा आणि पुढचा प्रत्येक अर्ज त्यावरच्या नावाने भरा. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट मिळायला आठवडे लागतात. शेवटच्या तारखेच्या तीन महिने आधी अर्ज करा. शिफारसपत्रात ‘विद्यार्थिनी मनमिळाऊ व कष्टाळू आहे’ हे वाक्य निरुपयोगी ठरते. सरांना तुमच्या कामाचे एक पान लिहून द्या : कोणत्या गावात, किती घरांची पाहणी केली, त्यातून काय बदलले. तेच त्यांनी पत्रात आणावे.

परत आल्यावर एका वर्षाच्या परदेशी पदवीची समकक्षता इथे विचारली जाते. यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये यासाठी नवे नियम काढले आहेत. प्रवेश घेण्यापूर्वीच आपला अभ्यासक्रम त्यांत बसतो का, ते बघून घ्या. आणि एम.पी.ए. (लोकप्रशासन) की एम.पी.पी. (सार्वजनिक धोरण) असे कुणी विचारले तर : पहिल्यात कार्यालय, मनुष्यबळ आणि अंदाजपत्रक चालवणे जास्त, दुसऱ्यात आकडेवारी आणि अर्थशास्त्र जास्त. गणिताची भीती असेल तर पहिले घ्या.

प्रश्न : जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे यांच्या योजनांतून गावाला नेमके काय मिळते? आम्हाला फक्त बैठका दिसतात.
— सरपंच, धाराशिव जिल्हा

उत्तर : तुमच्या जिल्ह्याने याचे उत्तर स्वतः अनुभवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद यांनी माणसे गाडली गेली. त्यानंतरचा पुनर्वसन कार्यक्रम जागतिक बँकेच्या कर्जातून उभा राहिला. ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. घराचे माप जमिनीवरून ठरले : भूमिहीन व अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४५०, सात हेक्टरांवरच्यांना ७५०. रस्ते सरळ आखले, चौकोनी वसाहती झाल्या. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, वाड्याचा आडोसा नसताना बायकांनी बसायचे कुठे, हे त्या आराखड्यात नव्हते. ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त व मजबूत करायची होती, तिथे पैसे टप्प्याटप्प्याने थेट घरमालकाला मिळाले, काम त्याने स्वतः करून घेतले आणि गावातल्या बायका संवाद सहायक म्हणून घरोघर फिरल्या. आमच्या मते त्या कार्यक्रमाची खरी कमाई ही आहे. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या बायका कच्छमध्ये तिथल्या बायकांना हे शिकवायला गेल्या. मोठ्या संस्थांच्या कागदात ज्याला लोकसहभाग म्हणतात, तो इथे औसा-उमरग्याच्या पट्ट्यात घडला.

दुसरे उदाहरण तुमच्या शेताच्या बांधावरचे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत आला. सुमारे ४,००० कोटींचा, त्यातले ७० टक्के जागतिक बँकेचे कर्ज. हा शब्द लक्षात ठेवा : कर्ज, देणगी नव्हे. ते आपल्याच करातून फिटणार आहे, म्हणून हिशेब विचारण्यात संकोच नको. या प्रकल्पात गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडलेला असतो : पाऊस किती, वाहून गेले किती, पिकांना लागते किती. तो कागद मागून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. उसाचे क्षेत्र आणि उपलब्ध पाणी शेजारी-शेजारी आले की चर्चा आपोआप खरी होते. जागतिक बँक अशा प्रकल्पांचे मूल्यांकन अहवाल आपल्या संकेतस्थळावर ठेवते. स्थानिक कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज आहे, मुदत ३० दिवस.

प्रश्न : परदेशी प्रशिक्षणार्थी अधिकारी आमची ग्रामपंचायत पाहायला येणार आहेत. दोन तास आहेत. काय दाखवावे?
— ग्रामपंचायत अधिकारी, छत्रपती संभाजीनगर जिल्हा

उत्तर : १९६४ पासून चालणाऱ्या भारत सरकारच्या आयटेक या प्रशिक्षण कार्यक्रमातून आणि मसुरी-दिल्लीच्या राष्ट्रीय सुशासन केंद्रातून बांगलादेश, मालदीव अशा देशांचे अधिकारी भारतात शिकायला येतात. त्यांनी इमारती भरपूर पाहिलेल्या असतात. तुम्ही वही दाखवा.

सत्कार शेवटी ठेवा आणि दहा मिनिटांत आटोपा. सुरुवातीला ठेवला तर शाल-नारळातच पाऊण तास जातो. एका घराची नोंद घ्या, नाव झाकून. नमुना ८ मध्ये त्या घराची आकारणी, नमुना ९ मध्ये मागणी, मग पावती, आणि मग तो पैसा पाणीपुरवठ्याच्या खर्चात कुठे दिसतो, ते बोटाने दाखवत न्या. याला चाळीस मिनिटे द्या. मग ग्रामसभेचे इतिवृत्त. गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार यांपैकी जी संख्या कमी ती, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे सांगितले की पाहुणे नक्की प्रश्न विचारतील. खरे उत्तर द्या. सभा किती वेळा तहकूब झाली, तेही सांगा.

रोजगार हमीचा विषय निघेलच. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून ती वाढली, राज्याचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि देशाचा २००५ मध्ये, हा क्रम तोंडपाठ ठेवा. महिला सदस्यांना समोर बसवा आणि त्यांचे बोलणे दुसऱ्या कुणी सांगू नये, दुभाष्यानेच सांगावे. पतिराज मध्ये बोलू लागले तर त्यांना चहाच्या व्यवस्थेकडे पाठवा.

शेवटची वीस मिनिटे तुमच्या प्रश्नांसाठी राखा. पाणीपट्टी तुमच्याकडे कोण वसूल करतो, थकली तर काय करता, हे त्यांना विचारा आणि उत्तरे अभिप्राय वहीत त्यांच्याच हाताने लिहून घ्या, खाली देश आणि पद.