‘असं काहीतरी’ म्हणजे नक्की काय?

ताई, मी एका कंपनीत नऊ वर्षं काम करतोय. आठ महिन्यांपूर्वी नवा मॅनेजर आला. दहा दिवसांपूर्वी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं, तर आत एचआरच्या मॅडमही बसलेल्या. ६० दिवसांचा पीआयपी, म्हणजे ठरल्या मुदतीत काम सुधारून दाखवायची लेखी योजना, हातात दिला. रिपोर्ट उशिरा जातात, ओनरशिप दिसत नाही, असं काहीतरी त्यात आहे. अजून सही केलेली नाही. लाज वाटते. टीममध्ये कळलं असेल या लाजेनं मान वर होत नाही, आणि बायकोला सांगायची तर त्याहून लाज वाटते. हाकलायच्या आधी आपणच राजीनामा तोंडावर फेकावा का?
– साठ दिवसांचा पाहुणा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात लाज तीन वेळा आली आहे, राजीनामा एकदा, आणि ज्या कागदापायी हे सगळं सुरू झालं त्याच्या वाट्याला मात्र फक्त ‘असं काहीतरी’. तो कागद तुम्ही शेवटपर्यंत वाचलाच नसावा, असा माझा अंदाज आहे. बहुतेकांचं असंच होतं. पहिल्या चार ओळींतच कान तापतात आणि पुढची अक्षरं दिसेनाशी होतात.

तेव्हा आधी तो काढा आणि पेन घेऊन बसा. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे झालं की नाही, ते साठाव्या दिवशी कशावरून ठरणार? ‘दर शुक्रवारी पाचच्या आत रिपोर्ट’ हे मोजता येतं. ‘ओनरशिप दाखवावी’ हे बघणाऱ्याच्या मर्जीवर. उद्दिष्ट नेमकं, मोजता येईल असं आणि मुदत घातलेलं असावं, हे व्यवस्थापन सल्लागार जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ‘स्मार्ट’ या इंग्रजी आद्याक्षरांत बांधून दिलं. तेव्हापासून मॅनेजर मंडळी ट्रेनिंगमध्ये ते घोकत आली आहेत, आणि असा कागद लिहायची वेळ आली की नेमकं तेच विसरतात. मोघम वाक्यं वेगळी काढा आणि ईमेलवर विचारा, ‘या दोन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय झालं, तर हा मुद्दा पूर्ण झाला असं धरलं जाईल?’ सूर चौकशीचा ठेवा. स्पष्ट उत्तर आलं तर काम सोपं झालं. टाळाटाळ झाली तर तुम्ही कुठे उभे आहात ते कळलं.

सहीचं म्हणाल तर तिच्या वरची ओळ वाचा. बऱ्याच ठिकाणी सही म्हणजे कागद मिळाल्याची पोच असते. ‘मान्य आहे’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर ‘मिळालं, वाचलं, मजकुराशी सहमत नाही’ एवढं लिहून तारीख घाला आणि प्रत मागून घ्या. कागद नुसता दाबून बसलात तर अडेलतट्टू ठराल, हाती काही लागणार नाही.

आता थोडं कडू. रिपोर्ट खरंच उशिरा जात होते का? मला उत्तर देऊ नका, पाठवलेल्या मेल उघडून मोजा. दहातले सात उशिरा गेले असतील तर मॅनेजर नवा असला तरी त्याचं म्हणणं जुनंच आहे. दहातला एक गेला असेल तर ते तारखांसकट दाखवून द्या. आणि उशिरामागे काही कारण असेल, म्हणजे तब्येत, घरातलं आजारपण, दुसऱ्या विभागाकडून माहितीच वेळेत न मिळणं, तर ते आत्ताच लेखी सांगा. साठाव्या दिवशी सांगितलेलं कारण सबब वाटतं.

एक कबुली देते. अनेक वर्षांपूर्वी टेबलाच्या पलीकडे मी बसलेली होते. हाताखालच्या एका मुलाला असाच कागद मी दिला होता आणि खरं सांगायचं तर माझा निकाल आधीच लागलेला होता. तिसऱ्या आठवड्यात त्यानं काम चोख केलं, तर मला वाटलं, ‘भीतीनं केलं असेल.’ चौथ्यात एक चूक झाली, तर वाटलं, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ पुढे कळलं की मांझोनी आणि बार्सू या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये हेच चक्र मांडलं होतं. साहेबाचा विश्वास उडतो, तो जास्त टोकू लागतो, माणूस आक्रसतो, विचारायचं-सांगायचं बंद करतो, आणि साहेबाला आपला पहिला अंदाजच खरा वाटतो. तुम्ही मान खाली घालून बसताय ना, ते त्या चक्राला तेल घालणं आहे.

म्हणून दर आठवड्याची भेट तुम्ही मागा. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींची मेल टाका: काय ठरलं, काय पूर्ण झालं, काय अडलं. मॅनेजर भेटीला येतो का, मागितलेली मदत देतो का, यावरून योजना खरी आहे की नुसता सोपस्कार, हे तीन-चार आठवड्यांत बऱ्यापैकी उमगतं. घरच्या वहीतही तारखांसकट टिपून ठेवा. कंपनीच्या फाइली मात्र स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. त्या एका गोष्टीवरूनही नोकरी जाऊ शकते. आणि एचआरच्या मॅडम कितीही गोड बोलल्या तरी त्यांचा पगार कंपनी देते, हे ध्यानात असू द्या.

राजीनामा तोंडावर फेकण्यात दहा मिनिटांचं सुख आहे. त्याआधी नेमणुकीचा करार वाचा: नोटीस किती, राहिलेल्या रजेचे पैसे मिळतात का. स्वतःहून सोडलं की काही देशांत बेकारभत्ता हातचा जातो. काही कंपन्या ठरावीक रक्कम देऊन आपसात वेगळं व्हायला तयार असतात, आणि ते विचारण्यात कमीपणा नाही. दुसरी नोकरी मात्र आजपासून शोधा. योजना पार पडेल असं वाटत असलं तरी शोधा, कारण पार पडल्यावर इथे राहावंसं वाटेलच असं नाही. मुलाखतीत खोटं बोलू नका, पण न विचारता पीआयपीचं पुराण लावायचीही गरज नाही.

राहता राहिली बायको. दहा दिवस तुम्ही जेवताना गप्प आहात आणि तिला काही जाणवलं नसेल, असं तुम्हाला खरंच वाटतं? एव्हाना तिनं याहून भलतंसलतं काहीतरी मनात आणलेलं असणार. माझं उत्तर तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर बारावा-तेरावा दिवस उजाडला असेल. आज रात्री तो कागद तिच्यासमोर ठेवा आणि तिला मोठ्यानं वाचू द्या. मध्ये बोलू नका. ‘ओनरशिप’पाशी ती थांबून ‘म्हणजे काय?’ असं विचारेल. मॅनेजरला पाठवायची मेल तिथूनच लिहायला घ्या.