एका मॅचपुरता नव्हता हर्ब ब्रुक्स

प्रश्न : १९८० च्या ऑलिंपिक फायनलला अमेरिकेच्या कॉलेजच्या पोरांनी रशियाला आइस हॉकीत हरवलं ती क्लिप परवा बघितली. सगळे नाचतायत आणि कोच मात्र गुपचूप आत निघून जातो. तो स्वतः मोठा प्लेअर होता का, आणि पुढे नॅशनल टीमचाच कोच राहिला का?

उत्तर : आधी एक दुरुस्ती, ती फायनल नव्हती हो! २२ फेब्रुवारीला रशियाला ४-३ ने हरवल्यावरही दोन दिवसांनी फिनलंडला हरवावं लागलं, तेव्हा कुठे गोल्ड.

आता हर्ब ब्रुक्स. प्लेअर म्हणून चांगला होता, १९६४ आणि ६८ ची ऑलिंपिक खेळलाय, पण खरी गोष्ट १९६० ची. ऐनवेळी टीममधून शेवटचं नाव कापलं ते याचं, आणि नेमकं त्याच टीमने गोल्ड मारलं. याने ते घरी वडलांबरोबर टीव्हीवर बघितलं, आणि वडील म्हणे म्हणाले, कोचने बरोबर माणूस काढला! माझ्या मते पुढची वीस वर्षं तो हेच डोक्यात घेऊन फिरत होता.

कोच म्हणून आधी मिनेसोटा युनिव्हर्सिटी, तिथे तीन नॅशनल टायटल, १९७४, ७६ आणि ७९. मग ऑलिंपिक टीम. त्यात मिनेसोटा आणि बोस्टनच्या पोरांचं जुनं वाकडं, म्हणून हा स्वतःच इतका खडूस वागला की सगळी मिळून याच्यावर खार खायला लागली आणि आपोआप एक झाली. नॉर्वेत ३-३ बरोबरी झाली तर मॅच संपल्यावर त्याच बर्फावर पळवलं, गोल लाइनपासून जवळच्या ब्लू लाइनपर्यंत (रिंकचे तीन भाग करणाऱ्या दोन रेषांपैकी एक) जाऊन परत, मग मधल्या रेषेपर्यंत, मग पलीकडची ब्लू लाइन, मग पार दुसरं टोक आणि परत, रिंकचे लाइट बंद झाले तरी चालूच. त्या ड्रिलला आजही 'हर्बीज' म्हणतात.

आत निघून गेला कारण त्याचं म्हणणं, हा आनंद पोरांचा.

पुढचं विचाराल तर, अमेरिकेत तेव्हा नॅशनल कोचचं काम त्या ऑलिंपिकपुरतंच असायचं. समोरचा रशियन कोच तिखोनोव्ह बघा, १९७७ पासून सोव्हिएत टीम आणि सीएसकेए हा लष्कराचा क्लब दोन्ही त्याच्याच हातात, वर्षातले बरेचसे महिने प्लेअर कॅम्पमध्ये कोंडलेले. त्या मॅचला पहिल्या पीरियडनंतर त्रेत्याकसारखा नावाजलेला गोलकीपर त्याने बाहेर बसवला, ती चूक त्याने नंतर कबूलही केली, तरी खुर्ची शाबूत राहिली आणि पुढे तीन ऑलिंपिक गोल्ड घेतली. ब्रुक्स मात्र गोल्ड जिंकूनही फिरतीवर, स्वित्झर्लंडमध्ये दावोस, मग एनएचएल या प्रोफेशनल लीगमधली न्यूयॉर्क रेंजर्स, मधेच एक कॉलेज, त्याच लीगमधल्या मिनेसोटा नॉर्थ स्टार्स आणि न्यू जर्सी डेव्हिल्स एकेक सीझन, १९९८ ला तर चक्क फ्रान्सची टीम.

अमेरिकेने परत बोलावलं ते २००२ ला. सेमीफायनलला समोर रशियाच, तारीख परत २२ फेब्रुवारी, आणि जिंकले ३-२! फायनल कॅनडाने ५-२ ने घेतली, याला सिल्व्हर. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो कार अपघातात गेला.