कॅसेटचा आवाज का बसतो?

प्रश्न: तीस वर्षांपूर्वी भरलेली माझी कॅसेट आता घोंगडीआडून वाजल्यासारखी ऐकू येते. फीत खराब झाली असेल का?

उत्तर: फितीला दोष देण्याआधी प्लेअरचे हेड, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, पाहावे. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटीमीटर सरकते, त्यामुळे दहा हजार हर्ट्झच्या ध्वनीची एक लहर फितीवर मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाहूनही आखूड उमटते. हेडवर तपकिरी भुकटीचा पातळसा थर साचला, तरी एवढ्या बारीक लहरी वाचता येत नाहीत आणि झांजांची किणकिण सर्वांत आधी हरवते. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून ती पांढरी निघेपर्यंत हेड पुसावे. रबरी रोलरला मात्र किंचित ओलसर कापडच बरे. एवढ्याने आवाज उघडला नाही, तर हेडचा कोन बिघडलेला असू शकतो किंवा ज्या यंत्रावर कॅसेट भरली, त्याचाच कोन वेगळा असेल. हेडशेजारचा स्क्रू अगदी केसभर फिरवत आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबावे. मूळ जागेची खूण आधी करून ठेवायला विसरू नये.

प्रश्न: डॉल्बीचे बटण चालू ठेवावे का?

उत्तर: डॉल्बी म्हणजे फितीची खरखर कमी करणारी सोय. कॅसेट त्याच प्रकारच्या डॉल्बीवर भरली असेल, तरच. एरवी ते बटण खरखरीबरोबर गाण्यातले नाजूक उंच ध्वनीही दाबते.

प्रश्न: गाणे सुरू होण्याआधीच त्याची पुसट चाहूल लागते. हे कसे?

उत्तर: गुंडाळलेल्या फितीचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपली चुंबकीय छाप सोडतो. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची फीत साठ मिनिटांच्या फितीहून पातळ असल्याने तिच्यात हे अधिक जाणवते. उष्णतेनेही ते वाढते. ऐकण्यापूर्वी फीत एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवल्यास छाप बरीच फिकी होते.

प्रश्न: दिवंगत वडिलांचा आवाज एकाच कॅसेटमध्ये आहे. ती वाजवू का?

उत्तर: कृपया लगेच वाजवू नका. फितीमागचा फेल्टचा चिमुकला तुकडा जागेवर आहे का, ते पाहा. जुना गोंद सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज दबतो, डगमगतो. तसे झाले असल्यास फीत स्क्रूने उघडता येणाऱ्या चांगल्या कवचात हलवून घ्या. प्लेअर आधी दुसऱ्या, बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर तपासा आणि मग पहिल्याच वाजवणीत संगणकावर २४ बिटमध्ये, म्हणजे बारकावे टिपणाऱ्या दर्जात, ध्वनिमुद्रण करा. खरखर काढायचा मोह झाला, तर तो प्रयोग प्रतीवर करा. मूळ फाइल जशीच्या तशी राहू द्या, कारण खरखरीबरोबर श्वासाचा आवाजही पुसला जातो.