जावात रनटाइमला एक्सएमएल पार्सर कसा बनवायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की चार ठिकाणाहून चार प्रकारच्या एक्सएमएल फाइली येतात, कुठली येणार ते प्रोग्राम चालू झाल्यावरच कळतं, म्हणून पार्सरच्या (एक्सएमएल वाचून टॅग आणि मजकूर सुटा करणाऱ्या कोडच्या) क्लासचं नाव कॉन्फिगमध्ये ठेवून क्लास.फॉरनेमने (नावावरून क्लास लोड करणारी जावाची मेथड) ऑब्जेक्ट बनवायचा विचार चाललाय, आणि वर लॅपटॉपवर चालणारं सर्व्हरवर फुटतंय. राव, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पहिल्याला पार्सर बदलायची गरजच नाही.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या हळद अडत्यांचं बिलिंगचं काम करतो, त्यामुळं हा घोळ मी स्वतः घालून झालोय. काट्याची फाइल वेगळी, वखारीची वेगळी, अकाउंटिंगच्या पॅकेजची वेगळी. मी पण सुरुवातीला प्रत्येकाला एक पार्सर क्लास करून ठेवला होता आणि वर इफ-एल्सची ही लांबलचक शेपटी. पण बघा, टॅग उघडला, बंद झाला, मधे अक्षरं आली हे ओळखणं चारी फाइलींत एकच काम आहे. बदलतं काय, तर त्या टॅगचा अर्थ लावणारा तुमचा भाग. म्हणजे रनटाइमला निवडायचा तो हँडलर, पार्सर नाही.

पार्सर रनटाइमला बनवायचं काम जावा तसंही स्वतःच करते. तुम्ही डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरी किंवा सॅक्सपार्सरफॅक्टरीला न्यूइन्स्टन्स म्हणता, ती आतल्या आत कुठलातरी क्लास शोधते आणि तुमच्या हातात फक्त इंटरफेस देते. आमच्याकडं शेतकरी हळदीची पोती अडत्याकडं उतरवतो, सौद्यात घेणारा कोण निघेल ते त्याला माहीत नसतं, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, अडत्याकडूनच मिळतो, तसंच. फक्त ही फॅक्टरी शोधते कुठं ते माहीत पाहिजे. आधी सिस्टम प्रॉपर्टी बघते, मग जेडीकेच्या (म्हणजे जावाच्या इन्स्टॉलेशनच्या) कॉन्फ फोल्डरमधली जॅक्सपी.प्रॉपर्टीज (जावा ८ पर्यंत ती लिब फोल्डरमध्ये असायची), मग क्लासपाथवरच्या जारमधलं (जार म्हणजे लायब्ररीची गठ्ठा फाइल) मेटा-इन्फ/सर्व्हिसेस, आणि कुठंच काही नाही मिळालं तर जेडीकेतला स्वतःचा, जो मुळात अपाचेचा झर्सेस पार्सरच आहे, फक्त पॅकेजचं नाव बदललेला.

आता तुमचा सर्व्हर का फुटतो ते लक्षात आलं असेल. तिथल्या लिबमध्ये कुणीतरी कधीतरी टाकलेला जुना झर्सेसचा जार पडलेला असणार, बहुतेक वेळा दुसऱ्याच लायब्ररीबरोबर गुपचूप आलेला. फॅक्टरीला तो तिसऱ्या पायरीवर सापडतो आणि जेडीकेतल्या पार्सरपर्यंत गाडी पोचतच नाही. तुम्ही ॲबस्ट्रॅक्टमेथडएरर लिहिलाय तो याचाच: डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीची सेटफीचर ही मेथड जावा ५ मध्ये आली, त्याच्या आधीच्या जारमध्ये ती नाहीच, मग हाक मारल्यावर ओ कोण देणार. खात्री करायची असेल तर सर्व्हर चालू करताना जॅक्सपी.डीबग ही सिस्टम प्रॉपर्टी १ ठेवा, कुठं शोधलं आणि काय सापडलं ते कन्सोलवर छापून येतं. किंवा सरळ फॅक्टरीवर गेटक्लास करून नाव छापा, एका ओळीत निकाल.

उपाय म्हणजे तो जार काढा. काढता येत नसेल, दुसऱ्या कुणाला तो लागत असेल, तर जावा ९ पासून न्यूडिफॉल्टइन्स्टन्स आहे, ती शोधाशोध न करता जेडीकेतलाच देते. सिस्टम प्रॉपर्टी सेट करून पण जमतं, पण ती अख्ख्या जेव्हीएमला लागते, शेजारच्या ॲप्लिकेशनचं वाटोळं होईल, मी नाही करत.

हँडलरचं सांगतो. स्टॅक्स वापरा, म्हणजे आपण मागू तसा पुढचा टॅग देणारा पार्सर, जावा ६ पासून जेडीकेतच आहे. स्ट्रीमरीडर बनवायचा, नेक्स्टटॅग म्हणायचं, रूट टॅगवर आलात की त्याचं नाव घ्यायचं, एका मॅपमध्ये नाव आणि त्यापुढं हँडलर बनवणारा सप्लायर ठेवलेला असतो तो काढायचा, आणि तोच रीडर पुढं त्या हँडलरच्या हातात द्यायचा, म्हणजे फाइल दोनदा उघडावी लागत नाही. नवीन प्रकार आला की मॅपमध्ये एक ओळ. क्लास.फॉरनेमची गरज तेव्हाच, जेव्हा हँडलर बाहेरच्या जारमधून प्लगइनसारखे येणार असतील, आणि तेव्हा पण क्लासचं नाव आलेल्या एक्सएमएलमधून अजिबात घ्यायचं नाही, कुणी काय लिहून पाठवेल नेम नाही. नुसत्या रूटवर पण विसंबू नका हां, एकाच पॅकेजच्या सगळ्या रिपोर्टांना रूट टॅग एकच असू शकतो, मला त्यासाठी आत एक पायरी उतरून बघावं लागलं.

फाइली बाहेरून येतात म्हणून डीटीडी (फाइलीच्या सुरुवातीचा भाग, जिथं एंटिटी म्हणजे मजकुराची टोपणनावं ठरवता येतात) बंद ठेवा, स्टॅक्सच्या फॅक्टरीत सपोर्ट-डीटीडी फॉल्स. नाहीतर बाहेरचा माणूस एंटिटी लिहून तुमच्या सर्व्हरवरची फाइल वाचू शकतो. आणि डॉमवर (अख्खी फाइल झाडासारखी मेमरीत घेणारा, डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीवाला) गेलात तर नेमस्पेस-अवेअर स्वतः ट्रू करावं लागतं, तिथं डिफॉल्ट फॉल्स आहे (स्टॅक्समध्ये उलट, ट्रू), विसरलात की गेटलोकलनेम नल देतं आणि माणूस दुपारभर स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

एका फाइलीवर पार्सर बदलून बघितला तरी एरर तोच, असं पण तुम्ही लिहिलंय. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून अँपरसँड, हॅश, ४, सेमीकोलन असं कुठं दिसतंय का बघा. आमच्याकडं अकाउंटिंगच्या फाइलीत ते यायचं. एक्सएमएल १.० मध्ये ते कॅरॅक्टर चालतच नाही, त्यामुळं कुठलाही धड पार्सर तिथं थांबणारच. पार्सरला देण्याआधी तेवढं गाळून टाकायचं.

सॅक्सच (टॅग किंवा मजकूर आला की तुमच्या मेथडला स्वतः हाक मारणारा पार्सर) वापरणार असाल तर एक. कॅरॅक्टर्स ही मेथड एका टॅगच्या मजकुराला एकदाच येईल असं धरू नका, बफर संपला की मजकूर तुकड्यांत येतो, म्हणून स्ट्रिंगबिल्डरमध्ये जोडत जायचं आणि टॅग बंद झाला की वापरायचं. मी दरवेळी आलेला तुकडा व्हेरिएबलमध्ये टाकत होतो, म्हणजे आधीचा पुसला जायचा. महिनाभर सगळं बरोबर, आणि मग ऐन हंगामात अडत्याचा फोन, की कवठेमहांकाळच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर गावाचं नाव नुसतं ‘महांकाळ’ छापलंय, आणि तो काउंटरवर उभा राहून विचारतोय की आमचं कवठे कुठं गेलं.