बॅन्शीला आधी पाइप की आधी हेड?

प्रश्न : 2004 ची यामाहा बॅन्शी (चार चाकांची, कच्च्या वाटेवरची एटीव्ही) सेकंडहँड घेतलीय, वाळूच्या टेकड्यांवर चालवतो. पाइप (धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट), रीड (इंजिनात हवा-पेट्रोल आत सोडणाऱ्या झडपा), हेड (सिलिंडरचं झाकण) सगळं एकदम बदलू का?
– एक वाचक, अ‍ॅरिझोना

उत्तर : थांबा जरा. हे 347 सीसीचं इंजिन म्हणजे आमच्या राजदूत 350 चं पाण्याने थंड होणारं धाकटं भावंड. तरुणपणी मी राजदूतला नवे पाइप लावले, जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) मात्र जुनेच ठेवले, पेट्रोल कमी पडलं आणि खंबाटकी घाटात पिस्टन जाम करून बसलो. म्हणून आधी लीकडाउन टेस्ट, म्हणजे इंजिन कुठून गळतंय का ते बघणं. इंजिनाची तोंडं बंद करून आत 6 पीएसआय दाबाची हवा भरा, 6 मिनिटं टिकली पाहिजे. क्रँकचं (पिस्टन फिरवतो त्या दांड्याचं) सील गळत असेल तर तिथून हवा ओढली जाते, पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो. मग कसले पाइप लावताय!

टेस्ट पास झाली की पाइप. पैसा वसूल होतो तो तिथेच. सोबत मेन जेट मोठा, आणि सुरुवात मुद्दाम जास्त पेट्रोलवर करा. स्पार्क प्लग कॉफीच्या रंगाचा हवा, पांढरा दिसला तर गाडी तिथेच बंद. रीड नंतर, सवडीने. हेडमध्ये कॉम्प्रेशन वाढवायचं तर रेसिंगचं महाग पेट्रोल लागेल. पंपावरचं भरणार असाल तर हेडला हात लावू नका.