कंट्री हाऊसमधली गुपितं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी मर्डर मिस्ट्री भरपूर वाचते. मैत्रिणीच्या आग्रहावरून जुन्या कंट्री हाऊसमध्ये, म्हणजे गावाकडच्या श्रीमंत घराण्याच्या मोठ्या वाड्यात घडणाऱ्या, घराण्याच्या गुपितांवरच्या दोन सायकॉलॉजिकल थ्रिलर घेतल्या आणि दोन्ही अर्ध्यात सोडल्या. शंभर पानं झाली तरी नुसतं धुकं, जिने आणि बंद खोल्या. माझं वाचायचं चुकतंय का?

उत्तर: चुकत काही नाही हो, पण तुम्ही मर्डर मिस्ट्रीचा प्रश्न घेऊन या घरात शिरताय. तिकडे खून कोणी केला ते शोधायचं असतं आणि शोधणारा बहुतेक वेळा बाहेरून येतो, उलगडा करतो, निघून जातो. इकडे घरातल्या निम्म्या माणसांना काय झालं ते आधीपासून माहीत असतं आणि तरी ती रोज एका टेबलावर जेवत असतात. कोणाला किती माहितीये आणि कोण कोणासाठी गप्प बसलंय, सगळा सस्पेन्स त्यात आहे. त्यामुळे पुरावे गोळा करत बसू नका, बोलणं कुठे अचानक थांबतं ते बघा, कोणाचं नाव निघालं की विषय बदलतो, किल्ल्या कोणाकडे असतात, कोणाच्या खोलीला अजून कोणी हात लावलेला नाही.

आणि घर नुसतं वातावरणासाठी नसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. घर म्हणजे इस्टेट, ती कोणाला मिळणार हे बऱ्याचदा त्या गुपितावरच अवलंबून असतं, मग खरं बोलणाऱ्याच्या डोक्यावरचं छप्परच जायची भीती. नोकरांना सगळं दिसतं पण त्यांचं राहणं-खाणं त्याच मालकाकडे, तेही गप्प. एवढी माणसं गप्प का राहतात हे लेखकाला वेगळं पटवून द्यावंच लागत नाही.

सुरुवात दाफ्ने द्यु मोरिए यांच्या 'रेबेका'पासून करा (1938). इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधलं मँडरली नावाचं घर, नवऱ्याची पहिली बायको रेबेका वारलेली, तिची खोली हाऊसकीपर मिसेस डॅनव्हर्सने जशीच्या तशी सांभाळलेली, आणि गोष्ट सांगतेय ती दुसरी बायको, जिचं स्वतःचं नाव अख्ख्या पुस्तकात कळत नाही. ती बिचारी सतत स्वतःची रेबेकाशी तुलना करत राहते आणि आपणही तिच्याबरोबर वाहवत जातो. त्यावरचा दिग्दर्शक हिचकॉकचा 1940 चा सिनेमा मात्र पुस्तकानंतरच बघा, त्या वेळच्या हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांमुळे त्यात गुपिताचा गाभाच बदललाय.

प्रश्न: गोष्ट सांगणाराच काहीतरी लपवत होता असं शेवटी कळलं की मला फसवल्यासारखं वाटतं. ही चीटिंग नाही का?

उत्तर: कधीकधी असते, आणि तेव्हा तुमचा राग अगदी बरोबर आहे. मी एकच करतो, पुस्तक संपलं की पहिलं प्रकरण परत वाचतो. तिथली वाक्यं आता दुसऱ्या अर्थानेही खरी ठरत असतील तर लेखक प्रामाणिक होता, आणि महत्त्वाचं सगळं नुसतंच गाळलं असेल तर नाही. शर्ली जॅक्सन यांच्या 'वी हॅव ऑल्वेज लिव्ड इन द कॅसल'मध्ये (1962) अठरा वर्षांची मेरिकॅट पहिल्याच परिच्छेदात आपल्याला एक विषारी अळंबी आवडते असं सांगते आणि बहीण सोडून घरचे बाकी सगळे मेलेत हेही, तेही अगदी शांतपणे. सगळं समोर ठेवलंय, आपणच तिच्या प्रेमात पडून दुर्लक्ष करतो. सारा वॉटर्स यांच्या 'द लिटल स्ट्रेंजर'मधला (2009) डॉक्टरही सुरुवातीलाच सांगतो की लहानपणी त्याने त्या श्रीमंत घराच्या भिंतीवरच्या नक्षीतला एक तुकडा चाकूने उपटून घेतला होता. त्याची आई त्याच घरात कामाला होती. पुढे तो जे काही सांगतो ते हा तुकडा लक्षात ठेवून वाचा, बाकी मी काही सांगत नाही.

प्रश्न: मी अशी कादंबरी लिहितोय. पण मोबाईल असताना गुपित टिकवायचं कसं? प्रत्येक वेळी रेंज गेली असं दाखवू का?

उत्तर: एकदा चालेल, दुसऱ्यांदा वाचक वैतागेल. मदत मागता येत असून कोणीच मागत नाही असं करा, भीती तिथून येते. बार्बरा व्हाइन (हे लेखिका रूथ रेंडेल यांचं टोपणनाव) यांच्या 'अ फेटल इन्व्हर्जन'मध्ये (1987) एका तरुणाला वारशाने गावाकडचं मोठं घर मिळतं, 1976 च्या कडक उन्हाळ्यात तो मित्रमंडळींबरोबर तिथे राहतो आणि नंतर सगळे ठरवतात की पुन्हा एकमेकांना भेटायचंच नाही. दहा वर्षांनी घराचे नवे मालक पाळीव प्राण्यांच्या जुन्या दफनभूमीत आपला कुत्रा पुरायला जातात आणि तिथे माणसांची हाडं सापडतात. इथे रेंज असती तरी काय फरक पडला असता? तेव्हा आधी एका कागदावर लिहून काढा की तुमच्या प्रत्येक पात्राचं तोंड उघडल्यावर काय जाईल, घर, मूल, नवरा, जे असेल ते, आणि ज्याचं काहीच जात नाही ते पात्र एकतर काढून टाका नाहीतर त्याला त्या घरापासून लांब ठेवा.