दोन खोकी आणि एक ‘नसावी’

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: ‘ताई, मी 29 वर्षांची आहे आणि सांगली जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कादंबऱ्या वाचतच मी मोठी झाले. पुण्याचे एक स्थळ सांगून आले, बैठक झाली आणि तीन आठवड्यांनी साखरपुडा आहे. मुलगा सुस्वभावी आहे, परंतु त्याच्यावर माझे प्रेम आहे असे म्हणता येणार नाही. आत्या म्हणते, तिशी उलटली की स्थळे येत नाहीत. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली, प्रेमाशिवाय लग्न नाकारणारी एलिझाबेथ बेनेट होण्याचे स्वप्न पाहिले आणि शेवटी सोयीसाठी लग्न करणारी तिची मैत्रीण शार्लट लुकस झाले, याची लाज वाटते. त्यांच्या घरी पुस्तकांना जागा नसावी, म्हणून माझी दोन खोकी मैत्रिणीकडे ठेवून आले आहे. समाजापुढे माणसाने किती वाकावे? नकार द्यावा की पत्करावे?’

प्रिय मुली,

साडेचार पानांच्या तुझ्या मूळ पत्रात ‘समाज’ हा शब्द अकरा वेळा आला आहे आणि पुस्तकांच्या खोक्यांच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे. मी त्या वाक्यापाशी थांबले आणि पुढचे दीड पान मला नीट वाचताच आले नाही. ‘जागा नसावी’ असे तू लिहिले आहेस. भाषा शिकवणाऱ्या मुलीला ‘नाही’ आणि ‘नसावी’ यांतला फरक मी समजावून सांगायला नको. ‘नाही’ म्हणायला कोणाला तरी विचारावे लागते, ‘नसावी’ घरबसल्या म्हणता येते. त्या घरातल्या एकाही माणसाने पुस्तके आणू नकोस असे सांगितलेले नाही, कारण तू विचारलेलेच नाहीस. कोणी मागितले नसताना खोकी बांधलीस, रिक्षात घालून मैत्रिणीकडे पोचवलीस आणि मग समाज किती वाकवतो अशी तक्रार माझ्याकडे केलीस. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

शार्लट झाल्याची तुला लाज वाटते. अगं, तेवढी मजल तू अजून मारलेली नाहीस! 1813 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधली शार्लट 27 वर्षांची आहे, रूपाने बेताची आहे आणि तिच्यापाशी पैसा नाही. शिकलेल्या, पण गाठीला काही नसलेल्या तिच्यासारख्या मुलीला प्रतिष्ठेने पोट भरण्याचा मार्ग लग्नाखेरीज दुसरा नव्हता, हे जेन ऑस्टिनने तिथे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. तुझ्या खात्यात दरमहा पगार जमा होतो, तेव्हा शार्लटची सबब तुला लागू पडत नाही. एलिझाबेथने नाकारल्यावर तीन दिवसांच्या आत कॉलिन्स नावाच्या आढ्यतेखोर पाद्र्याने शार्लटला मागणी घातली आणि तो कसा आहे हे पुरते ओळखून तिने होकार दिला. इथवर सगळ्यांच्या लक्षात राहते. मात्र एलिझाबेथ शार्लटच्या सासरी राहायला जाते, ते प्रकरण आज रात्री पुन्हा वाच. जेवणाची मोठी, प्रसन्न खोली सोडून शार्लट मागच्या बाजूच्या खोलीत का बसते, याचे एलिझाबेथला आधी नवल वाटते. मग उलगडा होतो. कॉलिन्सची वाचनाची खोली रस्त्याकडे तोंड करून आहे, तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या पाहतो. बायकांची खोली तितकीच उजेडाची असती, तर तो उठून तिथेच येऊन बसला असता. म्हणून शार्लटने मागची खोली घेतली आहे आणि नवऱ्याने बागेत जास्तीत जास्त काम करावे म्हणून ती त्याला आनंदाने प्रोत्साहनही देते. नवरा मूर्ख पत्करला तरी बसायची जागा तिने स्वतः हेरून घेतली, कोणाच्या अंदाजावर सोडली नाही. (आणि एलिझाबेथने डार्सीला, म्हणजे शेवटी जिच्याशी त्याचे लग्न होते तिनेच, दिलेला तो पहिला नकार, जो तू वर्गात दरवर्षी रंगवून शिकवत असशील, तोही शार्लटच्याच घरातला आहे.) तू एका फळीचीसुद्धा चौकशी केलेली नाहीस.

तुझे खरे नाते या दोघींपैकी कोणाशीच नाही. ‘मिडलमार्च’ ही जॉर्ज एलियटची कादंबरी 1871 आणि 1872 या वर्षांत आठ भागांत प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या डोरोथियाला घोड्यावर रपेट करायला मनापासून आवडते, आणि आवडते म्हणूनच ती सोडून देण्याच्या कल्पनेत तिला काही वेगळेच सुख वाटते. शेजारचा सर जेम्स तिच्यासाठी घोडा पाठवायला तयार असताना ती सांगते की यापुढे मी घोड्यावर बसणार नाही. तिला कोणी अडवलेले नसते, कोणी टोकलेले नसते. उलट समोरचा माणूस लगाम हातात द्यायला निघालेला असतो. हीच मुलगी पुढे पंचेचाळिशीतल्या, रुक्ष कॅसॉबनशी लग्न करते, तेही घरच्यांना पटत नसताना. तिच्या दुःखाचे खापर फोडायला तिथे समाज सापडत नाही. त्यागाची ही हौस आपल्याकडे फार नावाजली जाते, लहानपणापासून मुलींच्या अंगी ती बाणवली जाते, त्यामुळे ती हौस आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही. तुझी दोन खोकी म्हणजे डोरोथियाचा घोडा आहे.

ज्यांना खरोखर अडवले गेले, त्यांची आठवण ठेवून तरी शब्द जपून वापर. 1890 मध्ये सुरू झालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ क्रमशः येत होती. तिच्यातली यमुना नवऱ्यापाशी लिहायला-वाचायला शिकते, आणि तो गेल्यावर तिचे केस जबरदस्तीने काढले जातात. समाजापुढे वाकणे हा शब्द तिच्यासाठी आहे. मैत्रिणीच्या माळ्यावर सुखरूप असलेल्या खोक्यांसाठी तो वापरू नये.

लग्न करावे की मोडावे, हे मी सांगणार नाही. माझ्यापाशी सांगण्यासारखे काही नाही, कारण ज्याच्याविषयी तू विचारतेस, त्याला तू अजून बोलूच दिलेले नाहीस. तो सुस्वभावी आहे एवढेच तू लिहिलेस. त्याचे एकही वाक्य तुझ्या पत्रात नाही. त्याची उत्तरे तूच ठरवलीस, तीही नकाराची, आणि त्या नकारांशी तू आता लग्न करायला निघाली आहेस. तुझ्या जागी मी त्या मुलाची आई असते, तर मीच साखरपुडा पुढे ढकलला असता.

उशीर झाला असे मात्र समजू नकोस. 2 डिसेंबर 1802 च्या संध्याकाळी मॅनीडाउन इथल्या मोठ्या घरात हॅरिस बिग-विदर नावाच्या तरुणाने जेन ऑस्टिनला मागणी घातली आणि तिने होकार दिला. तिला तेव्हा 27 वे वर्ष संपत आले होते, आणि लग्न झाले असते तर म्हातारपणापर्यंतची चिंता मिटली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने होकार परत घेतला. तिच्या हाताशी एक रात्र होती, तुझ्या हाताशी तीन आठवडे आहेत. ते पत्रे लिहिण्यात घालवू नकोस.

येत्या रविवारी मैत्रिणीकडे जा आणि दोन्ही खोकी घरी घेऊन ये. आईला काही समजावत बसू नकोस, आत्याला तर मुळीच नाही. पुस्तके पुन्हा फळीवर लाव आणि त्याच संध्याकाळी त्या मुलाला स्वतः फोन कर. ‘तुमच्याकडे जागा आहे का?’ असे विचारू नकोस, कारण त्या प्रश्नातच अर्धी माघार आहे. ‘माझ्याबरोबर दोन खोकी पुस्तके येणार आहेत, ती कोणत्या भिंतीशी लावायची?’ एवढेच विचार आणि मग गप्प बस, त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत. तो ‘आता कशाला हवीत पुस्तके’ असे म्हणाला, तर सोमवारची सकाळ तुझी आहे आणि मॅनीडाउनची गोष्ट तुला ठाऊक आहे. मात्र फोन करण्याआधी टेप घेऊन फळीची लांबी मोजून ठेव. मुलगा खरोखरच समंजस असेल, तर तो पहिल्यांदा तेवढेच विचारील.